तोंड मिटून वाजलेली शिट्टी

सारजा, जळोचीला माझ्या दारात भाजीची पाटी टेकवून जे सांगत आलीस, ते आज लिहून काढते आहे. तुला समोर धरून लिहिलं तर तू दर वाक्याला "तसं न्हाय, बाई" म्हणशील. म्हणून आता तुला 'ती' म्हणते. मध्ये बोलायचं नाही.

कन्हेरीची सारजा. आजा मेंढरांमागं हिंडला, बापानं शेती धरली. मेंढरं गेली, धनगरी ओव्या राहिल्या. एक हात कानावर ठेवायचा आणि आभाळाला पोचेल असा सूर लावायचा, ही त्यांची रीत. उघड्या माळावर ते भागायचं. नव्वद सालानंतर मात्र जत्रेत माइकशिवाय कोणी ऐकेना. सारजानं एक हात कानावर ठेवला, दुसऱ्या मुठीत माइकची जाळी गच्च आवळली आणि ओवी सुरू केली, तोच कर्णा किंचाळला. दर वेळी तेच.

"बाईचा आवाज मशीनला सोसत न्हाय," स्पीकरवाले मोहनराव म्हणाले. जत्रेच्या पंचांना तेवढंच हवं होतं. पुढच्या वर्षापासून गायला पुरुष, आणि सारजा मागं, झील धरायला, म्हणजे त्यांच्या ओळीचा शेवट मागून ओढायला.

"वैनी, हाय ते बरं हाय," दीर रामहरी म्हणाला. "झील वढा गप."

"तूच वढ. मी मशीन बघती."

बारामतीत भाजी विकून झाली की ती मोहनरावांच्या दुकानाची पायरी चढायची.

"गाणाऱ्यानं गावं, सारजाबाई. वायरी आमी बघतो."

"मग कर्ण्याची शिट्टी बी तुमीच मारता म्हना की!"

मोहनराव हसले, आणि कटकट नको म्हणून तुटक्या वायरी जोडायला दिल्या. जोडता जोडता तिनं बटणं ओळखली. एकदा चालू माइक उचलून ठेवताना तिची मूठ जाळीवर पडली आणि समोरचा स्पीकर किंचाळला. सारजा तर तेव्हा गप्प होती! तिनं मूठ खाली दांडीवर सरकवली. स्पीकरही गप्प.

त्या साली इंदापूरकडच्या जत्रेत ती न विचारता उठली आणि माइकपाशी गेली.

"ए बाई, मागं हो!" पंच ओरडले.

तिनं ओठ मिटले, जाळी मुठीत धरली. कर्णा असा किंचाळला की पोरांनी कान झाकले.

"बगा," ती म्हणाली, "म्या अजून तोंड उगडलं न्हाय."

मग कर्णा तिच्याकडून लोकांकडे फिरवायला लावला, इको कमी करायला लावला, माइक दांडीला धरला आणि गायली. शब्द न् शब्द शेवटच्या माणसापर्यंत गेला. पुन्हा तिला मागं बसवायची कोणाची छाती झाली नाही.

गाणाऱ्यानं हे शिकून फायदा काय, असं विचारणारे मला अजून भेटतात. त्यांना म्हणावं, बटण दुसऱ्याच्या हातात देऊन गाऊन बघा. फुकट मात्र काही मिळत नाही. "गाताना डोळं मिटत न्हाईत आता, बाई," ती म्हणते. "ध्यान त्या कर्ण्याकडंच."

तर सारजा, एक राहिलंच. एक हात कानावर, दुसरा दांडीला; ढोलवाल्यांना खूण करायला तुला हात उरेना. माइकचा स्टँड आणायला दोघींनी पुण्याला, बुधवार पेठेतल्या माइक-स्पीकरच्या दुकानांत जायचं ठरलं होतं. तू म्हणालीस, कांदा निघू द्या. मी म्हणाले, डोळ्याचं ऑपरेशन होऊ दे. कांदा निघाला, डोळाही झाला. आपण काही गेलो नाही.