एकच फील्ड ड्रेसिंग उरली होती

२००१ साली आमची कंपनी काश्मीरमध्ये, जंगलातल्या एका पोस्टवर होती. मी नाईक इनास फर्नांडिस, नर्सिंग असिस्टंट. गाव मालवणजवळ. माझ्याच तालुक्यातल्या धामापूरचा नाईक सुधाकर परब शेजारच्या खाटेवर झोपायचा. त्याच्याशी मालवणीत बोलता यायचं, म्हणून पोस्ट परकी वाटत नसे.

रोज सकाळी पाच वाजता मी खाटेजवळ गुडघे टेकून प्रार्थना करायचो. काही जण हसत. एकदा सुभेदारसाहेबांनी सांगितलं की हे बाहेर कुठेतरी आडोशाला करत जा. मी म्हटलं, साहेब, झोपतो तिथेच गुडघे टेकणार. सुधाकर मला पाद्री म्हणायचा. उपासाच्या शुक्रवारी माझ्या वाटणीचं मटण तोच खायचा आणि वर्षभर शुक्रवार असू देत म्हणायचा.

ऑक्टोबरमध्ये एका सकाळी आठ जणांची गस्त निघाली, त्यात मी आणि सुधाकरही होतो. हवालदार मोरे कमांडर होते. सात वाजून दहा मिनिटांनी नाल्यापाशी समोरून फायर आला. पहिलीच गोळी सुधाकरच्या मानेत लागली. मी रांगत त्याच्यापर्यंत पोचलो. दोन ड्रेसिंग जखमेवर दाबून धरल्या, रक्त थांबेना. माझी बाही त्याने घट्ट धरली होती, ती सव्वासातला सुटली.

तोवर फायरिंग थांबलं होतं. समोरच्या तिघांतले दोन जण पळाले. तिसरा दगडाआड पडला होता. त्याच्या मांडीतून रक्त वाहत होतं. सुधाकरवर गोळी झाडणारा तोच होता, पहिला फायर त्याच दगडाआडून आला होता. त्याची रायफल आपल्या माणसांनी काढून घेतली. विशीतला असेल. तो पाणी मागत होता.

माझ्या बॅगेत एकच फील्ड ड्रेसिंग उरली होती. मी त्याच्याकडे निघालो.

"फर्नांडिस, हात लावायचा नाही," मोरे म्हणाले. "ती आपल्या माणसांसाठी आहे. अजून परत जायचंय."

ते चुकीचं बोलत नव्हते. परतीच्या वाटेवर कुणालाही लागू शकलं असतं. शिवाय माझ्या हातांवरचं सुधाकरचं रक्त वाळलंही नव्हतं. खरं सांगतो, ते हात त्या माणसाच्या गळ्यावर ठेवावेत असंही मनात आलं. पण ज्याच्यापुढे रोज गुडघे टेकत होतो, त्याने शत्रूवरही प्रेम करायला सांगितलंय हे मला ठाऊक होतं. ते फक्त चर्चमध्ये ऐकायला सांगितलेलं नाही.

"हवालदारसाब, माझा रिपोर्ट करा," मी म्हटलं, आणि रक्त थांबवायला त्याच्या मांडीवर टूर्निकेचा पट्टा आवळला. ड्रेसिंग बांधली. माझ्या बाटलीतलं पाणी पाजलं.

मोऱ्यांनी रेडिओ उचलला. "एक अपना शहीद. एक दुश्मन जखमी, कब्जे में."

पलीकडून मेजरसाहेब म्हणाले, "जिंदा लाओ."

पुढे त्या माणसाकडून माहिती मिळाली आणि मला शाबासकी मिळाली. मी साहेबांना सांगितलं की मी माहितीसाठी बांधलं नव्हतं. मोरे बदली होईपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

सुधाकरच्या शवपेटीबरोबर एस्कॉर्ट म्हणून मीच धामापूरला आलो. सलामी झाली, अग्नी दिला. दुपारी घरासमोरच्या खळ्यात माणसं बसली होती. सुधाकरच्या चुलतभावाला पलटणीतल्या कुणीतरी फोनवर सगळं सांगितलं होतं.

"ज्येणी आमच्या माणसाक मारल्यान, तेका तुया पाणी पाजलंस?" त्याने सगळ्यांसमोर विचारलं.

"पाजलंय," मी म्हटलं. "परत तशी वेळ इली तरी पाजतलंय."

दोघेतिघे उठून माझ्या अंगावर आले. सुधाकरच्या आईने त्यांना हाताने थांबवलं. मला जवळ बोलावून तिने विचारलं, "सुधाकर असतो तर तेणी पाजल्यान असता?"

हो म्हटलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. मलाही वाटलं असतं.

"माका म्हायत नाय, आये."

ती म्हणाली, "तुझा करणा माका पटूक नाय. पण तू खोटा बोलूक नाय." शेजारणीने आणलेली पेज तिने मला वाढायला लावली. चुलतभाऊ उठून गेला. तो आजही माझ्याशी बोलत नाही.

दोन नोव्हेंबरला आमच्या चर्चमध्ये मृतांची नावं वाचून त्यांच्यासाठी प्रार्थना होते. दुसऱ्या वर्षी, सुट्टीवर असताना, मी यादीत सुधाकरचं नाव दिलं. कमिटीतल्या एकाने हरकत घेतली, तो आपला नव्हे म्हणाला. मी म्हटलं, तो माझ्या हातात गेलाय, नाव वाचायचंच. फादरांनी यादी माझ्याकडून घेतली.

दोन तारखेला सकाळी आठच्या एसटीने सुधाकरची आई आली. मी फक्त तारीख कळवली होती. शेवटच्या बाकावर ती माझ्या शेजारी डोक्यावर पदर घेऊन बसली. फर्नांडिस, डिसोजा, रॉड्रिग्ज अशी नावं झाली आणि मग फादरांनी वाचलं, नाईक सुधाकर विठ्ठल परब, धामापूर. चर्चमध्ये कधी उभं राहायचं, कधी बसायचं हे तिला माहीत नव्हतं, पण त्या नावाला ती उभी राहिली. तिच्या शेजारी मीही अटेन्शनमध्ये उभा राहिलो.