चार बोटं जास्त

बारामतीच्या एमआयडीसीत साहेबराव मखरे आठ वर्षं सायक्लोन बनवत होते. धूर आत गरगर फिरवून त्यातली राख खाली पाडणारं हे पत्र्याचं मोठं नरसाळं. नकाशाबरहुकूम केलं की राख निसटायची, म्हणून साहेबराव धुराची नळी गुपचूप चार बोटं लांब ठेवत. नकाशात चूक आहे असं एकदा बोलून दाखवलं, तर कारखान्याचे साहेब म्हणाले, "शिकलास किती, बोलतोस किती." तेव्हापासून तोंड बंद, हात चालू.

अठ्ठ्याण्णव साली पुण्याच्या इंजिनिअरने नकाशातली मापं आणि साहेबरावांनी टिपलेली राखेची वजनं कॉम्प्युटरला शिकवली. आता सायक्लोन बनवून पाहायची गरजच उरली नाही. कुठलं माप सरस, हे कॉम्प्युटरच अंदाजाने सांगू लागला. साहेबरावांना मात्र कुणी काही विचारलं नाही, नुसतं घरी बसवलं.

कॉम्प्युटरच्या मापाने केलेल्या पहिल्याच सायक्लोनमधून राख भसाभसा उडाली. साहेब गाडी काढून साहेबरावांच्या गावी, कळंबला आले.

"मखरे, वजनं खोटी लिहिलीस तू."

"वजनं खरी हायेत साहेब. नकाशात ही न्हाईत." साहेबरावांनी चार बोटं पुढं केली.

साहेबांनी टेप काढून बोटं मोजली, आकडा वहीत उतरवला आणि साहेबरावांच्या बायकोने आणलेलं पाणी न पिताच गाडीत जाऊन बसले.