नुरझामालच्या ड्रायरची ऊब

बुरुलकानच्या पोटात दुखायला लागलं ते नुरझामाल आली त्या हिवाळ्यात, आणि ते तिने लपवलंही नाही. लपवाछपवी तिच्या रक्तातच नव्हती.

किर्गिझस्तानातल्या काराकोल शहरातल्या त्या हॉटेलाचं तळघर म्हणजे तिचं राज्य. धुलाईची यंत्रं, गॅसवरचे दोन ड्रायर, चादरींचे ढीग, सगळं तिच्या हाताखालचं. कपड्यांतून सुटलेला कापूस ती दर खेपेला जाळीवरून काढायची आणि भिंतीबाहेर जाणाऱ्या पाइपात लांब दांड्याचा ब्रश घालून तो खरवडायची. पाइप तुंबला की आग, हे ती कोणी न विचारता सांगायची. दुपारी खोल्या झाडणाऱ्या बायका खाली चहाला जमत. दारासमोरची मानाची जागा तिची, किटली तिची, पाव तिनेच मोडायचा.

नारिन गावाहून आलेली नुरझामाल दुसऱ्या ड्रायरवर कामाला लागली. तरुण, बोलघेवडी, गालाला खळी. थंडी कडाडली तशी तिने ड्रायरमागचा पाइप काढला, ड्रायरच्या उघड्या तोंडाला कापूस अडवायला जुना पायमोजा बांधला आणि गरम हवा खोलीत सोडली. झालं! बायका गुळाला मुंगळे चिकटावेत तशा तिच्याभोवती. किटलीही तिकडेच गेली.

"एजे, या ना इकडे. गुडघे शेकतील तुमचे." बुरुलकानला ती एजे, म्हणजे थोरली ताई, म्हणायची.

"माझे गुडघे धड आहेत. तू तो पाइप लाव. जळक्या गॅसची हवा कोंडते. माणूस मरतं त्याने."

"अगं बुरुलकान," तिच्याच वयाची कुमुशाय म्हणाली, "इतकी वर्षं आम्ही इथे काकडलो, तेव्हा तुला नाही सुचलं. पोरीला सुचलं म्हणून तुझा जळफळाट!"

सगळ्या हसल्या. बुरुलकान आपल्या ड्रायरची जाळी साफ करायला वळली, कारण जळफळाट खराच होता. पाइपाचं म्हणणंही खरंच होतं, पण ते आता कोण ऐकणार?

मग बायकांची डोकी दुखू लागली. नुरझामालला तर मळमळायचं. "दृष्ट लागलीय पोरीला," कुमुशाय म्हणाली आणि सगळ्यांच्या नजरा बुरुलकानकडे वळल्या. 'दुखू दे मेलीचं!' असं बुरुलकानच्या मनात आलं, आणि आपलीच नजर तर लागली नसेल ना, या भीतीने रात्री तिला झोप लागेना.

दुसऱ्या दिवशी बायकांनी दार लावून घेतलं, दृष्ट काढायला तव्यावर आर्चाच्या, म्हणजे डोंगरातल्या जुनिपर झाडाच्या, फांद्या पेटवल्या आणि नुरझामालभोवती धूर फिरवायला लागल्या. ड्रायर चालूच. बुरुलकान टोपली घेऊन आत आली तेव्हा नुरझामालचे ओठ पांढरे पडले होते. बघता बघता ती कोसळली.

बुरुलकानने टोपली फेकली, दार सताड उघडलं, गॅसचा कॉक फिरवला. "बाहेर व्हा, भवान्यांनो! दृष्ट नाही, गॅस आहे तो!" नुरझामालच्या काखांत हात घालून तिने तिला फरफटत जिना चढवला आणि अंगणातल्या बर्फात आडवं केलं. बाकीच्या झोकांड्या खात मागोमाग आल्या. बुरुलकान धापा टाकत ओरडली, "पाइप आता मी लावणार. पुन्हा कोणी हात लावला तर हात मोडीन!"

नुरझामालने डोळे उघडले.

"उतरली गं दृष्ट!" कुमुशाय रडायलाच लागली. "आर्चाने वाचवलं पोरीला!" कोणी नुरझामालवर कोट घातला, कोणी शाल, कोणी तिचे तळवे चोळत बसलं.

बुरुलकान अर्ध्या बाह्यांच्या झग्यात कुडकुडत भिंतीला टेकली होती. तिच्याकडे कोणाचं लक्षही नव्हतं. पोर जगली म्हणून तिच्या डोळ्यांत पाणी होतं. आणि त्याच वेळी तिला वाटत होतं, चक्कर येऊन पडायचंच होतं तर मीच का नाही पडले!