विरुद्ध बाजूची तयारी

वादविवाद स्पर्धेसाठी मुलांची तयारी करून घेणं हे साताऱ्याच्या शाळेत माझ्याकडं असायचं. माझी पद्धत ठरलेली होती. ज्याला अनुकूल बाजूनं बोलायचंय, त्याच्याकडून आधी आठ दिवस प्रतिकूल बाजू घोकून घ्यायची. त्यामुळं ढाली मिळायच्या आणि ढालींमुळं मी जरा शेफारलो होतो. जगातलं कुठलंही भांडण दोन रकान्यांत मांडून मिटवता येतं, असं मला तेव्हा मनापासून वाटायचं.

मधल्या सुट्टीत आम्ही तिघं एकत्र डबा खायचो: मी, इंग्रजीच्या बाई आणि चित्रकलेचे सर. बाई बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू. मराठी आपल्यासारखंच, आणि कुरकुर काय ती शनिवारच्या सकाळच्या शाळेबद्दल, कारण शनिवार त्यांच्यात विश्रांतीचा पवित्र वार. सर कवठे महांकाळकडचे मुसलमान. घरचा बांगड्यांचा धंदा, त्यामुळं बाईंच्या हातातल्या बांगड्या सरांच्या आईनंच भरलेल्या असायच्या.

त्र्याहत्तरची अरब-इस्रायल लढाई सुरू झाली आणि सगळे शिक्षक रेडिओभोवती जमू लागले. एका दुपारी सर म्हणाले, "ज्यांची घरंदारं गेली, त्या पॅलेस्टाईनच्या लोकांचं कोण इचारतंय का?" बाईंचा भाऊ तिकडं इस्रायलच्या सैन्यात होता. दुसऱ्या दिवसापासून बाई डबा वर्गात बसून खायला लागल्या. लढाई थांबली, अबोला मात्र दीड वर्ष टिकला. मला त्या दोघांचाही राग यायचा.

मग एकदा बाईंनी मला जिन्यात गाठलं. वडील निवृत्त झाले होते, भाऊ बोलावत होता, बाई आणि वडील कायमचे इस्रायलला निघाले होते. "आईची कबर इथंच राहणार," त्या म्हणाल्या. गावात त्यांचं एकच घर, म्हणून आईला मुसलमानांच्या कब्रस्तानाशेजारच्या तुकड्यात पुरलेलं. "तिच्याकडं बघायला सरांशिवाय कुणाला सांगू? पण बोलणं भांडणावर गेलं, तर कुठल्या तोंडानं मागू?"

मी म्हणालो, "काळजी करू नका. तयारी मी करून घेतो."

वाचनालयातून पुस्तकं आणली. वहीत दोन रकाने आखले, एकावर झायोनिझम, म्हणजे ज्यूंची स्वतःच्या देशाची चळवळ, दुसऱ्यावर पॅलेस्टाईन. बाईंना पॅलेस्टाईनची बाजू पाठ करायला दिली, सरांना ज्यूंची. दोघांनी शहाण्या विद्यार्थ्यांसारखा अभ्यास केला. युरोपात ज्यूंचं काय केलं ते वाचून सर म्हणाले, "लय वंगाळ झालं गड्या. हे मला ठावंच नव्हतं." बाई म्हणाल्या, "परत येऊ म्हणून दारांना कुलपं लावून गेले हो ते लोक. आमच्यात हे कुणी बोलत नाही." मी मनातल्या मनात ढाल घेऊन मोकळा झालो.

शनिवारी शाळा सुटल्यावर चित्रकलेच्या खोलीत बैठक ठेवली. शोभेल म्हणून मी स्पर्धेची घंटासुद्धा नेली होती. प्रत्येकाला पाच मिनिटं! बाई उभ्या राहिल्या आणि सवयीनं "अध्यक्ष महाराज" म्हणाल्या. पॅलेस्टाईनची बाजू त्यांनी इतकी ठासून मांडली की सर अस्वस्थ झाले. "आवं, पर तुमच्या लोकांनी तरी जायाचं कुटं?" बाई म्हणाल्या, "म्हणून दुसऱ्याच्या घरात?" आवाज चढले. मूळचंच भांडण, फक्त खुर्च्या बदललेल्या. मी गडबडून घंटा वाजवत सुटलो. सरांनी ती माझ्या हातातून काढून घेतली आणि कपाटात ठेवली.

"बाई, हे नाटक ऱ्हाऊ द्या. काय पायजे ते सरळ बोला."

बाईंनी आईच्या कबरीचं सांगितलं.

"बघीन की," सर लगेच म्हणाले. "आई हाय ती. पर माझं मत बदललेलं न्हाई. त्या लोकांवर अन्याय झालाय, हे मी बोलत ऱ्हाणार."

"माझंही बदललेलं नाही," बाई म्हणाल्या. "आम्हाला आमचा देश हवाच होता."

"मग माझं बी एक मागणं हाय. तिकडं त्यांची एखादी कबर दिसंल, जिच्याकडं बघायला कुणी उरलं न्हाई. तिच्याकडं तुमी बघा."

बाईंचा चेहरा लाल झाला. त्या उठल्या, पिशवी घेतली, दारापर्यंत गेल्या. दारातून त्या म्हणाल्या, "बघीन, भाऊ." त्याआधी त्यांनी सरांना कधी भाऊ म्हटलेलं नव्हतं.

उरलेले तीन महिने आम्ही पुन्हा एकत्र जेवलो. भांडणंही केली, डबे न सोडता. शाळेतले ते माझे सगळ्यात सुखाचे दिवस.

बाई गेल्यावर वर्षभरानं सरांना पत्र आलं. आत एक घडी केलेला कागद होता. दगडावर कागद धरून वरून पेन्सिल घासलेली, त्यात अक्षरं उठून आलेली. बाईंनी लिहिलं होतं, "गवत काढलं, दगड धुतला. अरबी अक्षरं मला येत नाहीत. तुम्ही वाचा."

सर कागद घेऊन खिडकीशी गेले. उजवीकडून डावीकडं बोट फिरवत बराच वेळ बघत राहिले. "बाईमाणसाची कबर हाय," म्हणाले. मग त्यांनी तिचं नाव मोठ्यानं वाचलं. इतक्या वर्षांत ते कुणी उच्चारलं नसेल असं वाटून मीही त्यांच्यामागून ते म्हटलं.