शाई फिरवण्याआधी

दर एप्रिलला भारतातून पाठ्यपुस्तकांचे गठ्ठे कुवेतच्या सलवा भागातल्या आमच्या शाळेत यायचे आणि आम्हा शिक्षकांना जाड काळे मार्कर वाटले जायचे. कुवेत सरकारला चालणार नाहीत अशा ओळी काळ्या करायच्या. सगळे मान खाली घालून रेघा मारत. इतिहासाच्या शेवडे बाई मात्र प्रत्येक ओळ आधी खणखणीत आवाजात वाचत. "पुसायचं ते आधी ऐकून घ्या, सर. काय गेलं ते तरी कळेल."

बाई चिपळूणच्या. नवरा गेल्यावर एकट्या नोकरीसाठी आलेल्या. अकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, शाळेच्या नावावर; त्यामुळे नोकरी गेली की कुवेतमधला मुक्कामही संपला.

जपानचा धडा त्यांचा जीव की प्राण. युद्ध हरलेला देश अमेरिकन सैन्याच्या ताब्यात, जळलेल्या शहरांत छप्पर नसलेले वर्ग, आणि कालपर्यंत पाठ करून घेतलेल्या युद्धाच्या गौरवाच्या ओळींवर शाई फिरवा, असं मुलांना सांगणाऱ्या त्याच शिक्षिका. "त्यातल्या पुष्कळ ओळी शाईच्याच लायकीच्या होत्या हो," बाई म्हणत, "पण का पुसतोय हे पोरांना कुणी सांगितलं नाही, याची मला चीड येते."

इराकवर हल्ला झाला त्या वर्षी नववीतल्या एका मुलीने विचारलं, "मॅम, डॅडी म्हणतात अमेरिकेने जपान बांधला, तसाच आता इराक बांधणार. खरं?"

बाई ताडकन म्हणाल्या, "जपान जपानी माणसांनी बांधला. बंदूकवाला पहारा करतो. विटा ज्याच्या त्यालाच उचलाव्या लागतात."

डॅडींच्या कंपनीला बगदादची कंत्राटं हवी होती. ते तणतणत आले. प्राचार्यांनी बाईंना बोलावलं, तेव्हा मी वेळापत्रक घेऊन तिथेच बसलो होतो.

"मॅडम, क्लास में बोल दीजिए कि गलत बोला था. बात खतम."

"बोलूंगी. किसके कहने पर बोल रही हूँ, वो भी बोलूंगी."

"फिर अकामा रिन्यू नहीं होगा."

"मत कीजिए."

मला अजून संताप येतो. नव्वद साली इराकी फौजेचा ताबा या शहराने स्वतः सोसलेला, आणि इथेच ताब्याबद्दल एक खरं वाक्य बोललेली बाई जड झाली! एरवी गणपतीत बाईंचं व्याख्यान हौसेने ठेवणारी आमची मराठी मंडळी मिठाची गुळणी धरून बसली.

सुट्टी लागताच बाई निघाल्या. विमानतळावर मी भडकलो, "बाई, नुसतं 'चुकलं' म्हणायचं होतं!"

"जपानातल्या त्या बाईंना दुसरा मार्ग नव्हता, सर," त्या बॅग ढकलत म्हणाल्या. "मला होता."

पुढच्या एप्रिलला पुन्हा गठ्ठे आले, मार्कर आले. या वेळी जपानच्या धड्यातला एक परिच्छेदही काळा करायचा होता. हुकूम सरकारचा नव्हता, आमच्याच शाळेचा होता. ग्रंथालयात सगळे मान खाली घालून रेघा मारू लागले. मी मार्करचं टोपण काढलं, उभा राहिलो आणि जमेल तितक्या मोठ्याने वाचलं, "शिक्षकांनी सांगितलं, आणि मुलांनी आपल्याच पुस्तकांवर शाई फिरवली."