लोव्हिनाने बुडवलेला खलाशी

लोव्हिना टारबॉक्स माझी शेजारीण. ती शिवणकाम करते आणि मी, नवऱ्याच्या मते, चोंबडेपणा.

आमच्याकडे शिवणारीण घरोघरी राहायला येते. वर्षातून दोनदा, दर घरी आठवडाभर. त्याच घरी जेवायचं, माडीवर झोपायचं, घरादाराचे कपडे शिवायचे आणि पुढच्या घरी जायचं. त्यामुळे लोव्हिनाला प्रत्येक घराचं अस्तरसुद्धा माहीत. पण तिच्या तोंडून काही निघेल तर शपथ.

"अगं, होल्ब्रूकांकडे काय चाललंय?" मी विचारायची.

"बाह्या चालल्यात," ती म्हणायची. "कॉलर उद्या."

बावीस वर्षं ती काळ्या कपड्यांत होती. तिचं लग्न जेरेड विंगशी ठरलं होतं. तो देवमाशांच्या शिकारीच्या जहाजावर गेला; तीन वर्षांनी जहाज परत आलं, जेरेड आला नाही. तो समुद्रात बुडाला, असं लोव्हिनाने सांगितलं आणि गावाने तिला लग्नाविनाच विधवा मानलं. चर्चमध्ये ती विधवांच्या बाकावर बसे. वाढलेल्या वयावरून तिला कुणी टोमणा मारला नाही. आमच्या गावात ही चैन आहे. बिनलग्नाच्या बाकीच्या बायकांना विचारा.

खरी गोष्ट वेगळी होती. जेरेड चिलीच्या एका बंदरात उतरला आणि तिथल्या खाणावळवाल्याच्या मुलीशी लग्न करून मोकळा झाला. तसं पत्रच त्याने पाठवलं होतं. लोव्हिनाने ते चहाच्या डब्यात ठेवलं आणि काळं कापड बेतलं. सगळ्या जन्मात तिने हे एकाच व्यक्तीला सांगितलं: पेनिमनबाईंना. बॉस्टनच्या मासिकात गोष्टी लिहिणाऱ्या त्या आमच्या गावच्या लेखिका. त्यांच्या तिन्ही मुलांना लाल ताप आला, तेव्हा लोव्हिना महिनाभर त्यांच्या उशाशी बसली होती. तेव्हाच कधीतरी बोलून गेली असावी.

हे मला कसं कळलं? गावचं टपाल माझा नवरा आमच्याच स्वयंपाकघरातून वाटतो. मासिकाची पानं कडेला जोडलेलीच येतात, वाचणाऱ्याने ती कापायची, पण ते नळीसारखं वळवून आत डोळा लावला की पुष्कळ दिसतं. गोष्टीचं नाव होतं 'जिवंत माणसाची विधवा'. शिवणारणीची टोप्या विकणारी केली होती. बाकी चहाच्या डब्यापर्यंत सगळं तेच, आणि दर दुसऱ्या ओळीला हसू येईल असं लिहिलेलं.

लोव्हिनाला आधी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. काय होतं ते मला बघायचं होतं.

बुधवारी होल्ब्रूकांकडे आमचं शिवणमंडळ जमलं. उष्ण देशांतल्या गरिबांसाठी आम्ही फ्लॅनेलचे उबदार परकर शिवतो. ते त्यांचं काय करतात देव जाणे. अकरा जणी शिवतात, बारावी वाचते. गोड आवाजामुळे वाचायला कायम लोव्हिना. पेनिमनबाई मान खाली घालून टीप घालत होत्या. लोव्हिना आज लांबच्या मळ्यावर कामाला गेली असेल, असं त्यांना वाटलं होतं.

लोव्हिनाने चाकूने पानं कापली आणि सुरुवात केली. पहिली दोन पानं बायका खुदखुदत होत्या. तिसऱ्या पानावर चहाचा डबा आला आणि ती थांबली. पाणी मागितलं. प्यायली. पुन्हा वाचू लागली, पण मी बघत होते, तिची नजर एकाच ओळीवर खिळली होती. तोंड मात्र चालू.

लोव्हिनाच्या तोंडच्या गोष्टीत डब्यातलं पत्र कप्तानाचं निघालं. वादळ झालं, लाट आली, खलाशी गेला. टोपीवालीने त्याला विणून दिलेली लोकरी टोपी तेवढी पाण्यावर राहिली. खलाशांनी गळ टाकले, टोपी हाती लागेना. दर वेळी वीतभर पुढे जायची.

सगळ्या जणी रडल्या. होल्ब्रूकबाईंनी स्वतःचा एप्रनच परकराला शिवून टाकला. पेनिमनबाई लालबुंद झाल्या, पण बोलतात कशा? 'मी हे लिहिलं नाही' म्हणायचं, तर काय लिहिलं तेही सांगावं लागलं असतं.

वाचून झालं की मासिक घरोघर फिरतं. लोव्हिनाने ते आपल्या पिशवीत टाकलं. "एक शब्द लागला नाही, घरी बघते," म्हणाली.

पण डॉक्टरांकडे तोच अंक वेगळा येतो. शनिवारपर्यंत तो नऊ घरं फिरला. त्यातल्या दोन घरी मीच पाठवला, उगाच कशाला लपवू? रविवारी लोव्हिना विधवांच्या बाकाशी आली, तर रिकाम्या जागेवर कुणाची तरी शाल पसरलेली. शाल कुणी उचलली नाही. लोव्हिना मागे जाऊन बसली.

सोमवारी पेनिमनबाई सफरचंदाची भाजलेली पाई भांड्यासकट घेऊन तिच्याकडे आल्या. खमीर मागायच्या निमित्ताने मी तिथे होतेच.

"लोव्हिना, मी नाव बदललं होतं गं."

"हो. आणि टोप्या दिल्यात मला विकायला."

"कुणाला ओळखू येईल असं वाटलं नव्हतं."

"मग विचारायचं तरी. मी नाही म्हटलं असतं, म्हणून नाही ना विचारलंत?"

पेनिमनबाई खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या, "पण ती पाण्यावरची टोपी! तुला सुचली कशी? घरी गेल्या गेल्या मी उतरवून काढली. संपादकांना फार आवडेल बघ."

मी खमिराची वाटी खाली ठेवली.

"सुचली नाही," लोव्हिना म्हणाली. "बावीस वर्षं रोज थोडी थोडी केलीय. माझ्याजवळ तेवढंच होतं, बाई."

ती उठली. पाई सुरीने सोडवून आपल्या ताटलीत काढली, पेनिमनबाईंचं भांडं घासलं, पुसून कोरडं केलं. आमच्याकडे शेजारणीचं भांडं रिकामं परत जात नाही. काही नाही तर दोन अंडी, मॅपल साखरेचा खडा, निदान वाळवलेल्या सफरचंदाच्या चार फोडी तरी घालतात. फळीवर अंडी होती.

तिने भांडं तसंच त्यांच्या हातात दिलं आणि दार उघडून उभी राहिली.