नरडाण्याचे डबे

फ्रीझरमध्ये ठेवायचा डबा काठोकाठ भरायचा नसतो, हे मला पहिल्याच डब्याने शिकवलं. सकाळी उघडून पाहिलं तर वांग्याचं भरीत फुगून आलेलं, झाकण एका बाजूने उचललेलं. मी वरचा थर चमच्याने खरवडला, झाकण दाबून बसवलं, डबा वर्तमानपत्रात गुंडाळला, त्यावर जुन्या गोधडीचा तुकडा बांधला आणि सुरतेकडे जाणारी पॅसेंजर गाठली. जळगावहून नरडाण्यापर्यंत डबा मांडीवर होता. मांडी बधिर झाली तेव्हा बरं वाटलं. म्हणजे आत अजून बर्फ होता.

डबा अक्कासाठी होता. अक्का माझी सर्वांत मोठी बहीण. तिच्या पोटात गाठ निघाली होती. दिवाळीनंतर धुळ्याला ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी दाजींना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलं. घरात दोघंच, मूल झालं नव्हतं. दाजींना भाकरी थापता येत होती, जाड आणि कडेला कच्ची. भाजीच्या नावाने त्यांना फक्त तिखट-तेल ठाऊक. अक्काला तिखट बंद झालेलं. ती काही खातच नव्हती. तिने खावं, एवढंच त्या वर्षी मला हवं होतं.

पण अक्काला कोणीही उठून भाजी द्यावी असं नव्हतं. तिचं सासर महानुभाव पंथाचं. आमच्याकडे, धुळ्याजवळच्या आमच्या गावी, बकऱ्याचं, कोंबडीचं सगळं चालायचं. लग्नानंतर अक्काने पंथाचा उपदेश घेतला, आणि त्या घराच्या रीतीप्रमाणे ज्या भांड्यात मांस शिजतं त्यातलं पाणीही तिला चालेना. माहेरी आली की ती पिशवीतून स्वतःचं पातेलं, तवा आणि तांब्या काढायची, अंगणात तीन दगड मांडायची आणि आपलं आपण रांधून घ्यायची. आबा, आमचे वडील, ओसरीवरून अहिराणीत टोमणा मारायचे, "पोर ऊनी का आपला घरना दोन चुल्हा व्हतस." आणि तिच्याच तव्यावरची पहिली भाकरी हात लांब करून उचलायचे. अक्का हसायची. आम्हा धाकट्यांना ती अंगणातली चूल म्हणजे गंमत वाटायची. माहेरी आलेली बाई आयत्या ताटावर बसते, चार दिवस हात मोकळे ठेवते, हे आम्ही इतरांच्या घरी पाहत होतो. आमच्या बहिणीला ते कधी मिळालं नाही, हे घरात कोणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. हे वाक्य लिहिताना आजही अक्काचं नाव आधी लिहावंसं वाटतं. मॅट्रिक झाल्यावर आबा म्हणाले होते की पुरे झालं. अक्का नरडाण्याहून आली आणि त्यांच्याशी काय बोलली कोण जाणे. जाताना मला म्हणाली, धुळ्याला खोली बघ, खायची काळजी करू नको. मी दोन मुलींबरोबर खोली घेतली. त्यानंतर कॉलेजची सगळी वर्षं तिचा डबा सकाळच्या एस.टी.ने येत राहिला. कंडक्टर खिडकीतून तो माझ्या हातात द्यायचा. भाकरी, कधी मेथी, कधी घोटलेली भाजी, म्हणजे पालक, मेथी, आंबट चुका अशा पाचसहा पालेभाज्या तुरीच्या डाळीबरोबर शिजवून रवीने घोटतात ती. हिवाळ्यात भरीत. मला खोलीवर मांस खायची मुभा होती, पण ते डबे खाता खाता माझी त्यावरची वासनाच उडत गेली.

आमच्याकडे शेजाऱ्याचा डबा रिकामा परत करत नाहीत. मूठभर का होईना, काहीतरी घालून द्यायचं. मी विद्यार्थिनी, माझ्याकडे काय असणार? एकदा मी जास्वंदीचं फूल घातलं, एकदा लिमलेटच्या गोळ्या, एकदा परीक्षेचा निकाल लागल्यावर दोन पेढे. अक्का नंतर भेटली तेव्हा म्हणाली की लिमलेटच्या गोळ्या दाजींनी खाल्ल्या आणि तोंड भगवं करून शेतात गेले.

पुढे मी जळगावला शिक्षिका झाले, लग्नही जळगावातच झालं. माझे यजमान पाइपच्या कारखान्यात होते. आम्ही दोन खोल्या बांधल्या तेव्हा मी हट्टाने मागच्या बाजूला एक छोटा वेगळा ओटा बांधून घेतला. तिथे नवी भांडी मांडली, एक स्टोव्ह ठेवला. अक्का माझ्या घरी येईल, राहील, तिला कुठे अवघडायला नको, असं माझ्या मनात होतं. मी तिला मोठ्या अभिमानाने सांगितलं. ती येते म्हणाली. बाजरी काढून येते, मग कापूस वेचून येते. वर्षं गेली. ती आली नाही. माझ्या सासूबाई त्या ओट्यावर लोणच्याच्या बरण्या ठेवू लागल्या.

तिच्या ऑपरेशननंतर मी त्या बरण्या उचलल्या. ओटा धुतला. यजमानांनी स्वतःहून सांगितलं की घरातला फ्रिज आता अक्कांचा, त्यात मटण-अंडं काही यायचं नाही. आमच्याकडे दर रविवारी मटण व्हायचं. ते आता आणलं की तसंच चुलीवर चढायचं. सासूबाई म्हणाल्या, "फ्रिज आपला, पण मालकीण नरडाण्याला राहते." मग स्वतःच सुपात तुरीच्या शेंगा घेऊन सोलत बसल्या.

हिवाळा होता. बाजारात भरताची वांगी, मटार, तुरीच्या शेंगा, पालेभाज्यांच्या जुड्या. मी शाळेतून आले की आंघोळ करून त्या ओट्यावर उभी राहायची. वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजून घ्यायची, मिरची अगदी नावाला. गोठवलेलं काय टिकतं ते करता करता कळलं. बटाटा रवाळ होतो. गिलक्याचं पाणी होतं. कांद्याची पात काळवंडते, ती आयत्या वेळी घालायची. घोटलेली भाजी मात्र महिन्याने काढली तरी कालची वाटते. पालक-मुगाची, तुरीच्या दाण्यांची, दुधीची, भरीत. प्रत्येक डबा एका वेळेपुरता, वर बोटभर जागा सोडून.

एक रविवार सोडून मी जायची. दाजी सायकल घेऊन स्टेशनवर उभे असत. त्यांच्या घरी फ्रिज नव्हता. स्टेशनाजवळ एक दूध-कुल्फीचं दुकान होतं. तो दुकानदारही त्याच पंथाचा, अक्काला बहीण मानणारा. त्याने कुल्फीच्या पेटीत एक कोपरा मोकळा करून दिला. दाजी रोज एक डबा न्यायचे. एकदा वीज बराच वेळ गेली तेव्हा त्या माणसाने आपल्या कुल्फ्या पोरांना वाटून टाकल्या आणि उरलेला बर्फ आमच्या डब्यांभोवती रचला. मी आभार मानायला गेले तर म्हणाला, कुल्फी काय, उद्या परत होईल.

पहिला डबा उघडला तेव्हा मी समोर होते. दाजींनी तो गरम केला, अक्काच्या ताटात वाढला. अक्काने विचारलं, "शिळं नही का ते?" मी शिक्षिकेसारखी समजावू लागले की थंडीत अन्न जिथल्या तिथे थांबतं, वगैरे. ती ऐकत होती की नाही कोण जाणे. मी तिला ओट्याचंही सांगितलं, भांडी वेगळी, स्टोव्ह वेगळा. तिने घास घेतला, हळूहळू चावला.

"लगीन झायं तधळपाईन माहेरनं आयतं जेवन माले आज भेटनं," ती म्हणाली.

मग मी विचारलं की तुझ्यासाठी ओटा बांधला होता, तू का आली नाहीस? ती माझ्याकडे बघून हसली.

"मी तुना घर येसू, आनि तठे बी मीच रांधसू का, येडी?"

त्यात राग नव्हता. थट्टाच होती. पण तो ओटा बांधताना मी तिच्यासाठी काय बांधत होते ते मला तेव्हा दिसलं. आबांच्या अंगणातले तीन दगड मी उचलून जळगावला आणले होते आणि त्यावर फरशी बसवली होती. तिच्या भांड्यांत मी रांधावं आणि तिने बसून खावं, इतकी साधी गोष्ट आम्हा कोणाला सुचली नव्हती. तिचं ती करून घेईल, यालाच आम्ही तिचा मान समजत होतो.

अक्का तो सगळा हिवाळा जेवली. थोडं, पण जेवली. रिकामे डबे परत यायचे ते रिकामे नसायचे. निवडलेले शेंगदाणे, वाळवलेल्या गवारीच्या शेंगा, तिळाची चिमूट. शेंगदाण्यात एकही फुटका नसायचा; अंथरुणावर बसून ती ते एकेक निवडते, असं दाजी सांगायचे. महाशिवरात्रीनंतर दाण्यांत फुटके दिसू लागले. मग नुसती ज्वारी आली, न पाखडलेली. मी डबा उघडायची आणि सासूबाई विचारायच्या, काय आलं? मी ज्वारी म्हटलं तेव्हा त्या सूप घेऊन ती पाखडायला बसल्या.

उन्हाळा लागला. बाजारातली भरताची वांगी संपली, पालेभाज्या कडू झाल्या. माझ्या फ्रीझरमध्ये मात्र पौषातलं भरीत होतं. शाळेला सुट्टी लागली तशी मी न कळवता एका मधल्या वारीच गेले. दाजींना निरोप नव्हता, म्हणून स्टेशनापासून चालत गेले. दार उघडं होतं. दुपारच्या जेवणाची वेळ.

अक्का भिंतीला उशी लावून बसली होती. समोर ताट होतं, पण ते दाजींच्या पुढ्यात. माझा डबा दोघांच्या मध्ये उघडा. दाजी जेवत होते आणि अक्का त्यांच्या हाताकडे बघत होती.

"मीठ बरोबर शे का?" तिने विचारलं.

दाजी म्हणाले, "बरोबर शे."

"लसून जास्ती झाया का?"

"नही. बरोबर शे."

तिने डबा ओढून घेतला, तोंडाशी नेऊन वास घेतला आणि परत त्यांच्याकडे सरकवला. मी उंबऱ्यात उभी होते. दाजींनी मला पाहिलं आणि त्यांचा हात ताटातच राहिला. अक्काला अवघडल्यासारखं झालं नाही. ती म्हणाली की बरेच दिवस झाले, घास खाली उतरत नाही; रविवारी तू असलीस की दोन घास तोंडात फिरवते, एवढंच. पण डबा आला की उघडायचाच. तू केलेलं टाकायचं कसं? म्हणून ते खातात आणि मला सांगतात. मी विचारलं, मला कळवलं का नाही. ती म्हणाली की कळवलं असतं तर तू डबे आणायचं थांबवलं असतंस.

मी त्यांच्या शेजारी बसले. बोटाच्या टोकावर भरीत घेऊन तिच्या ओठांना लावलं. तिने ते जिभेवर घेतलं आणि डोळे मिटून बराच वेळ तसंच ठेवलं. परतीच्या गाडीत माझ्या मांडीवर डबे नव्हते तरी मांडी बधिर झाल्यासारखी वाटत होती.

मी डबे थांबवले नाहीत. जमेल तसे करत राहिले, त्यात आता दाजींच्या आवडीचं थोडं तिखट घालू लागले. अक्काने ते लगेच ओळखलं असं दाजींनी सांगितलं. वासावरून म्हणाली, आता ही तुमच्यासाठी रांधते.

मृगाच्या आधी ती गेली.

दिवस झाल्यावर काही काळाने दाजी जळगावला आले. माझं घर त्यांनी प्रथमच पाहिलं. हातात कापडी पिशवी होती, त्यात माझे सगळे डबे, घासून लखलखीत केलेले. यजमानांनी पिशवी घेतली तेव्हा डबे एकमेकांवर आपटल्याचा आवाज आला. दाजी दारातच उभे राहिले, पागोटं नीट करत.

"बठ्ठा रिकामाच शेतस," ते म्हणाले. "काय भरू, माले काही समजनं नही."

सासूबाई उठून आत गेल्या. मी दाजींना मागच्या ओट्यापाशी नेलं, पाट मांडला. फ्रीझरच्या तळाशी एक डबा राहिला होता, भरताचा, हिवाळ्यातला शेवटचा. तो मी अक्कासाठी ठेवलेल्या पातेल्यात गरम केला. वरून पातीचा कांदा घालायला नव्हता. ताज्या भाकऱ्या थापल्या, पातळ, कडेपर्यंत भाजलेल्या. दाजी पाटावर मांडी घालून बसले. त्यांच्या समोरची जागा रिकामी होती. तिथे मला बसवेना, म्हणून मी स्टोव्हपाशी उभी राहिले.

ते खाली मान घालून जेवत होते. दुसरी भाकरी निम्मी झाल्यावर त्यांनी मान वर केली, समोरच्या भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाले, "मीठ बरोबर शे."